सोवळ्यातली किल्ली

भोरच्या बाजारामागच्या पागेत घोडे होते तोवर तिथं निदान काहीतरी चालत होतं, असं गेनबा मिस्त्री म्हणत. घोडे गेले, गव्हाणी राहिल्या, आणि सन पस्तीस साली त्या गव्हाणींवर फळ्या टाकून अंबूबाईंनी बायकांची उद्योगशाळा काढली. अंबूबाई पुण्यात शिकलेल्या, चष्मा लावणाऱ्या, आणि मनात एखादा नियम आला की तो कागदावर लिहून खळीनं भिंतीला चिकटवणाऱ्या. शिवण-विणकाम काय, सगळीकडेच शिकवतात. अंबूबाईंनी त्याला जोडून यंत्रवर्ग काढला. बाईनं शिवणयंत्र नुसतं चालवायचं नाही, ते उघडायचं, पुसायचं, बिघडलं तर स्वतः दुरुस्त करायचं. शिकवायला गेनबा, म्हणजे मुंबईच्या गिरणीत तीस वर्षं काढून, डोळे अधू करून परतलेले मिस्त्री. वर्गात एकोणीस बायका. त्या एकोणीस जणींचं 'भगिनी यंत्र मंडळ', मंडळाला एक प्रमुख, आणि प्रमुखाकडे हत्यारांच्या पेटीची किल्ली.

ही किल्ली नसती तर साळूचं बरं चाललं होतं.

साळू उत्रोलीची. म्हणजे दिलेली उत्रोलीत. जन्म भाटघरच्या धरणाच्या वसाहतीत. बाप कोंडिबा धरणाच्या कारखान्यात घण मारायला होता, आणि दहा वर्षांची साळू रोज दुपारी त्याला भाकरी घेऊन जायची. बाप जेवून हात धुईपर्यंत ती भट्टीपासून चार हात लांब बसून बघत राहायची. कोणता पाना कोणत्या नटाला, कोणतं इंजिन कसं खोकतं, हे तिला कुणी शिकवलं नाही. ते भाकरीच्या फडक्याबरोबर घरी येत गेलं. धरण झालं, कारखाना उठला, साळूचं लग्न झालं. नवरा गेनू मुंबईला गोदीत, होळीला येणारा. घरी सासू रतनबाई. सून भोरला शिवण शिकते एवढंच सासूला माहीत.

"कसलं शिवान गं ह्ये तुजं?" रतनबाई साळूची नखं बघून म्हणत. "काजळीनं शिवत्यात व्हय तितं?"

"मशिनीला त्याल लागतं, आत्याबाई."

"मशिनीला लागतं, तुला कशापायी लागतं?"

साळू राख घेऊन नखं घासत बसायची.

शाळेत चार शिवणयंत्रं होती, मोजे विणायची दोन, आणि कोपऱ्यात घोड्याच्या जागी घोड्याएवढंच एक तेलाचं इंजिन. जवळच्या एका इनामदारांनी आपल्या उसाच्या मळ्यावरून ते शाळेला देणगी दिलं होतं. चालत असतं तर दिलं नसतं हे अंबूबाई सोडून सगळ्या भोराला ठाऊक होतं. अंबूबाईंच्या मनात मात्र मोठा बेत. इंजिन सुरू करायचं, त्याला भात सडायची गिरणी जोडायची, आणि आसपासच्या बायकांच्या हातातलं मुसळ सुटलं पाहिजे. बेत लिहून भिंतीला चिकटवला होता. दीड वर्षात कागद पिवळा पडला, इंजिन जागचं हललं नाही.

साळूनं पहिल्याच आठवड्यात इंजिनाचं मोठं चाक दोन्ही हातांनी ओढून फिरवून पाहिलं. मग त्याच्या पोटाला कान लावला.

"मिस्त्री, ह्यो दम धरत न्हाई. आतली हवा कुटंतरी निसटतीया. झडपंचा वॉल नीट बसत नसंल."

गेनबांनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेता नेता थांबवली. "कुठं शिकलीस?"

"भाटघरला. भाकरी द्यायला जायची मी."

"वॉल काढून घासावा लागंल. धा दिसांचं काम हाय."

"मग घासू की."

"कशानं? दातानं? पेटी उघडाया नको?"

तर ती पेटी. पहिल्या वर्षी ती उघडीच असे आणि हत्यारं गेनबांच्या ताब्यात. मग एक पाना गेनबांच्या भाजीच्या पिशवीतून त्यांच्या घरी गेला, एक नीरेच्या घाटावर दगडाखाली सापडला, आणि एक तर त्यांच्या शेजारणीनं चुलीत लाकडं सारायला आठवडाभर वापरला. अंबूबाईंनी नियम लिहिला. पेटीला कुलूप, किल्ली मंडळाच्या प्रमुखाकडे. आणि प्रमुख म्हणून नेमलं कमळाबाईंना, म्हणजे कचेरीतल्या आनंदराव कारकुनांच्या पत्नीला. कमळाबाईंसारखी नेटकी बाई भोरात दुसरी नव्हती. त्यांनी किल्लीला चांदीचा छल्ला केला. हत्यारं जुन्या मांजरपाटात गुंडाळून लहान-मोठी लावून ठेवली. पाहुणे आले की पेटी उघडत, हत्यारं दाखवत, पाहुणे वाहवा करत, पेटी बंद. आणि किल्ली सुरक्षित राहावी म्हणून ती ठेवत देवघरात, अन्नपूर्णेच्या मागे. देवापुढून कोण चोरणार?

कुणी चोरत नव्हतं. कुणाला मिळतही नव्हती.

श्रावणात इनामदारांच्या दिवाणजींची चिठ्ठी आली. पुण्याचा एक भंगारवाला इंजिन मोडीत मागतो आहे. शाळेत ते वापरात नसेल तर दसऱ्याच्या आत परत नेऊ. अंबूबाईंचा चेहरा पडला. साळूनं मात्र बोटं मोजली, दोन महिने, म्हणजे वॉल चार वेळा घासून होईल. ती तडक कमळाबाईंच्या घरी गेली.

सकाळची वेळ. कमळाबाई ओल्या लुगड्यात देवघराच्या उंबऱ्याआड.

"साळू का? ये, ये. पण आत नको येऊस हं. किल्ली ना? अगं, आत्ता कशी देऊ? सोवळ्यात आहे मी. पूजा होऊ दे."

साळू ओसरीवर बसली. पूजा झाली, नैवेद्याचा स्वयंपाक सुरू झाला. नैवेद्य झाला, आनंदराव जेवले. मग कमळाबाई जेवल्या. जेवताना उठणार कशा? मग त्यांचा जरा डोळा लागला. उठल्या तेव्हा उन्हं कलली होती.

"अगंबाई, तू अजून आहेस? बोलायचं तरी! आता तिन्हीसांजा झाल्या. तिन्हीसांजेला लोखंड घराबाहेर देत नाहीत गं, तुला ठाऊक नाही? उद्या ये." आणि त्यांनी साळूच्या पदरात बेसनाचे दोन लाडू घातले.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता, उपास. तिसऱ्या दिवशी मंगळागौर. पंधरा दिवसांत साळूनं चार हेलपाटे घातले. चारही वेळा लाडू मिळाले. लाडू फार चांगले होते, आणि तेच जास्त झोंबत होतं. वाईट वागणाऱ्या बाईशी भांडता येतं. तोंडात लाडू असताना भांडायचं कसं?

"मिस्त्री," एक दिवस साळू म्हणाली, "परमुकच बदलला तर?"

गेनबा इकडे-तिकडे बघून हळू म्हणाले, "माझं नाव घेऊ नको. पण अंबूबाईस्नी सांग."

साळूनं सांगितलं. अंबूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. प्रमुख निवडणुकीनं ठरावा हे त्यांच्या मनात पुण्यापासून होतं. आजवर कमळाबाईंविरुद्ध उभं राहायला कुणी तयार नव्हतं म्हणून अडलं होतं. लगेच कागद भिंतीवर गेला. गौरी गेल्यावर द्वादशीला निवडणूक. उमेदवार दोन, कमळाबाई आणि साळूबाई.

आता मतं मागायची. साळूला भाकरी मागायची सवय नव्हती, मत मागायची कुठून असणार? पण किल्लीसाठी तिनं तेही केलं. एकेकीला गाठून सांगितलं, किल्ली माझ्याकडे आली तर पेटी रोज उघडी राहील आणि दसऱ्याच्या आत इंजिन चालेल. सगळ्या "व्हय व्हय" म्हणाल्या. हिर्डोशीकडच्या धनगरवाड्यावरची ठकुबाई, जी भोरला बहिणीकडे राहून वर्गाला यायची आणि जिचा आवाज डोंगरात मेंढरं हाकून बुलंद झाला होता, ती तर पाठीत थाप मारून म्हणाली, "आगं, तुलाच! त्यात काय इचारायचं?"

साळूचा जीव भांड्यात पडला. दोन दिवसांनी कमळाबाईंकडे गौरीचं हळदीकुंकू झालं. एकोणीसच्या एकोणीस जणी गेल्या, साळूसुद्धा. सवाष्णीला बोलावणं आल्यावर जायचं नाही कसं? तिथं कमळाबाई म्हणाल्या, "द्वादशीला माझ्याकडे लक्ष असू द्या हं." तर ठकुबाई त्याच आवाजात म्हणाली, "तुमालाच! त्यात काय इचारायचं?"

साळूनं तिला कोपरखळी मारली. ठकुबाईनं ती लाडू मागितल्याची खूण समजून आपला एक लाडू तिच्या हातावर ठेवला.

द्वादशीला पागेत एक जुनं लुगडं आडवं बांधून पडदा केला. लिहिणाऱ्या बायका पाच-सहाच, म्हणून अंबूबाईंनी चिठ्ठ्यांऐवजी सुपाऱ्या आणल्या होत्या. प्रत्येकीला एक. पडद्यामागं दोन ताम्हणं, कमळाबाईंच्या ताम्हणात जास्वंदीचं फूल, साळूच्या ताम्हणात एक नट. जी हवी तिच्या ताम्हणात सुपारी टाकायची आणि बाहेर यायचं. उमेदवारांनाही एकेक सुपारी, आणि त्यांनी आधी जायचं.

"तू जा आधी, तू धाकटी," कमळाबाई म्हणाल्या.

साळू पडद्यामागं गेली. दोन रिकामी ताम्हणं, हातात सुपारी. नटाच्या ताम्हणाकडे हात गेला आणि मधेच थांबला. आपल्याच ताटात आपणच वाढून घ्यायचं? तेही पहिल्यांदा, दुसरं ताट रिकामं असताना? सासरी आल्यापासून ती सगळ्यांना वाढून मग उरलेलं घेत आली होती. माहेरीही आई तेच करायची. आणि एका सुपारीनं काय होणार? बाकीच्या सगळ्या 'व्हय' म्हणाल्याच आहेत. तिनं सुपारी जास्वंदीच्या ताम्हणात टाकली आणि बाहेर आली. बरं वाटलं. आपण थोर वागलो असं वाटलं की माणसाला बरं वाटतंच.

मग कमळाबाई आत गेल्या आणि लगेच डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "ठकुबाई, तुझा अडकित्ता दे गं जरा."

ठकुबाईनं चंचीतून अडकित्ता काढून दिला. साळूला वाटलं, बाईंना तोंडात टाकायला खांड हवं असेल. पडद्यामागून 'कट्' असा आवाज आला. कमळाबाई बाहेर आल्या. मग ठकुबाई गेली. 'कट्.' मग तिसरी. 'कट्.' चौथी. 'कट्.' साळूचा कान यंत्राचा. एकदा वाजलं तर काही नाही, पण एकाच तालात पुन्हा पुन्हा वाजायला लागलं की काहीतरी चुकीचं चाललंय हे तिला कळायचं. सतराव्या जणीपर्यंत ती उठून उभी राहिली होती.

पडदा सोडला. अंबूबाईंनी दोन्ही ताम्हणं पुढे ओढली आणि चष्मा वर केला.

दोन्ही ताम्हणांत अर्ध्या सुपाऱ्या. एका ताम्हणात अठरा खांडं, दुसऱ्यातही अठरा खांडं. नीट मधोमध तोडलेली. अडकित्ता चांगला होता. फक्त जास्वंदीच्या ताम्हणात वर एक अख्खी सुपारी.

"हे काय केलंत?" अंबूबाईंचा आवाज चिरकला.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ठकुबाई म्हणाली, "काय केलं? आत गेले तर दोनी ताटांत निम्मी निम्मी पडल्याली. शेजारी आडकित्ता. म्हनलं आसंच आसंल. आन बरंच की बाई ह्ये. दोगी आमच्याच. हळदीकुकवाला एकीला कुकू लावून दुसरीला तशीच सोडती का कुनी?"

"पण निवडायचं होतं, ठकुबाई! एक निवडायची होती!"

"ती तुमी निवडा. तुमी शिकल्याल्या."

मग कळलं कसं झालं ते. कमळाबाई पदराला डोळे पुसत सांगू लागल्या. "मी आत गेले तर माझ्या ताटात साळूची अख्खी सुपारी. माझे डोळेच भरून आले. मी हिच्या ताटात काहीच नको टाकू? पण सगळीच हिला दिली तर घरी यांना काय सांगू, माझी मीच हरले म्हणून? म्हणून अर्धी अर्धी केली."

अंबूबाईंनी खांडाला खांड जोडून सुपाऱ्या केल्या. इकडे नऊ, तिकडे नऊ. आणि ती अख्खी धरून कमळाबाईंच्या दहा.

साळू स्वतःच्या मतानं पडली होती.

"फिरून घ्या," साळू म्हणाली. "ही कसली मतं? फिरून घ्या, बाई."

अंबूबाई भिंतीवरच्या कागदाजवळ गेल्या, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि अपराधी तोंडानं परत आल्या. "सुपारी तोडू नये असं मी लिहिलेलं नाही, साळू. चूक माझी. पुढच्या वर्षी लिहीन."

"फुडल्या वर्सी इंजिन कुटं आसंल?"

मग सगळ्यांनी साळूच्या मनाच्या मोठेपणाची तारीफ केली. विरुद्ध उभ्या असलेल्या बाईला आपलं मत देणारी अशी पाहिली नाही, असं प्रत्येकीनं म्हटलं. तिला ती तारीफ उभी-आडवी ओरबाडत होती. उत्रोलीच्या वाटेवर तिनं एका ढेकळाला एवढ्या जोरानं लाथ मारली की अंगठा आठ दिवस सुजला.

दुसऱ्या दिवशी कमळाबाईंनी तिला जवळ बोलावलं. "साळू, तुझ्यासारखीला मी मोकळं सोडणार नाही. तू आजपासून मंडळाची उपप्रमुख. पेटी तुझ्या ताब्यात. कुठं न्यायची-आणायची तर तूच."

"आन किल्ली?"

"किल्ली माझ्याकडे. नियमच आहे ना तसा."

म्हणजे पेटी डोक्यावर साळूच्या, आणि कुलूप पेटीला. "पेटी द्या, किल्ली देवापुढं ऱ्हाऊ द्या, आन मी त्या कुलपाची पूजा करते रोज," असं ती गेनबांना म्हणाली. गेनबांना ते विनोदी वाटलं. साळूला वाटलं नव्हतं. पेटीच्या बिजागऱ्यांचे खिळे बाहेरून होते. एका बारीक खिळ्यानं ठोकले की निघाले असते. हे तिनं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पण चोरासारखं मागून उघडायचं तिच्या मनात येईना. तिला ती पुढून उघडायची होती, सगळ्यांसमोर, किल्लीनं.

ती पुन्हा कमळाबाईंच्या ओसरीवर गेली.

"देते गं. पण उद्यापासून पितृपक्ष. नवं काम पितृपक्षात काढतात का? इंजिन सुरू होईल, पण शुभ होईल का?"

पितृपक्ष गेला.

"अगं, काल घट बसले! किल्ली घटाच्या मागे राहिली की. आता नऊ दिवस तिथलं काही हलवायचं नाही. पण काळजी करू नकोस. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते ना, तेव्हा किल्ली काढून पेटी उघडायचीच आहे."

साळूनं मोजलं. नवमी झाली की दसरा. दिवाणजींची मुदत तीच. दहा दिवसांच्या कामाला हातात एक दुपार.

नवमीला सकाळी पागा सारवली होती. कमळाबाई नव्या लुगड्यात, किल्ली हातात. त्यांनी कुलूप उघडलं, आणि साळूनं पहिल्यांदा ती सगळी हत्यारं जवळून बघितली. पाने, पकडी, पेचकस, कानस, घासलेटचा डबा. भाटघरच्या कारखान्यातली फळी आठवली तिला. गेनबांनी एकेक हात लावून ओळखलं. मग सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली, आरती झाली.

"आता उद्या सोनं लुटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही," कमळाबाई म्हणाल्या. "आज हत्यारांना विश्रांती."

"आजवर काय करत हुती ती?" साळू म्हणाली. पण ते तोंडातल्या तोंडात.

प्रसाद वाटेपर्यंत बाहेर बैलगाडी थांबली. इनामदारांचा गाडीवान रायबा दारात आला, टोपी मागं सरकवून. "राम राम. इंजिन न्यायला आलोय. दिवाणजींनी धाडलंय. उद्या सणाचं गाडी जुपायची न्हाई, म्हून आजच. उचलाया चार मानसं बगतो, भाकरी खातो, आन येतो."

तो गेला. अंबूबाई गव्हाणीवरच्या फळीवर बसल्या. भिंतीवरच्या पिवळ्या कागदाकडे त्यांनी पाहिलं नाही. बायका प्रसाद चघळत राहिल्या.

साळू पाटाजवळ गेली, खाली वाकली आणि सगळ्यात मोठा पाना उचलला. झेंडूचं फूल घरंगळून खाली पडलं.

"साळू!" कमळाबाई किंचाळल्या. "पूजेतला आहे तो!"

"पूजा झाली न्हवं? मग बगू दे की द्येवानं, कशाच्या कामाचा हाय त्यो."

"अगं, उद्या... उद्या घे ना!"

"उद्या हितं काय आसंल? गाडीच्या चाकोऱ्या?" साळूचा आवाज चढला. पागेत कुणी तिचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता. "सोवळं झालं, उपास झाला, तिन्हीसांज झाली, पितर झालं, घट झालं. म्या समदं ऐकलं. लाडू बी खाल्लं. आता मला ह्ये उगडायचंय."

ती इंजिनापाशी गेली. हातावर कुंकू लागलं होतं, ते तिनं लुगड्याला पुसलं आणि पाना नटावर बसवला. नट गंजलेला, हलेना. तिनं पाय भिंतीला टेकवून जोर लावला. हलेना. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं खांद्यानं पुसलं.

"डावीकडचा आदी," गेनबांचा आवाज मागून आला. "घासलेट वत, थोडा ऱ्हाऊ दे. आन वरून हळू ठोक."

घासलेटचा डबा आणून दिला ठकुबाईनं. पाटावरूनच. मग ती इंजिनाच्या चाकाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, मेंढा धरावा तशी. "मी धरते. तू वड."

नट कुरकुरला आणि सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्यानं घाम काढला. काढलेले नट साळू नुसते मागं टाकत होती. एक घरंगळत मोरीकडे निघाला. कमळाबाईंच्यानं ते पाहवेना. बाई मुळात नेटकी. "अगं, हरवतील!" म्हणत त्यांनी आरतीचं ताम्हण रिकामं केलं आणि नट वेचून त्यात ठेवायला लागल्या, लहान एकीकडे, मोठे एकीकडे. निवडणुकीतलंच ताम्हण होतं ते.

रायबा चार माणसं घेऊन आला तेव्हा इंजिनाचं डोकं खाली उतरलं होतं. वॉल साळूच्या हातात होता, काजळीनं काळाकुट्ट. मांजरपाटावर पंचवीसेक तुकडे पसरलेले.

"आरं तिच्या! इंजिन कुटाय?"

"ह्ये की," ठकुबाई म्हणाली.

"ह्ये? ह्ये तर भंगार झालं!"

"भंगारातच घालनार हुतास न्हवं?"

रायबानं टोपी काढून डोकं खाजवलं. तुकड्यांभोवती एक फेरी मारली. "न्हाई बा. आसं सुटं म्या न्हेनार न्हाई. मागं मळ्यावरचा उसाचा चरक सुटा करून न्हेला, तर ऊस दाबायची एक लाट कमी भरली. वाटंत म्याच इकली म्हून दिवाणजी वरीसभर मला टोचत हुते. मला अख्खं न्यायला सांगितलंय. तुमी जोडून ठिवा, मग येतो."

"कवा येनार?" साळूनं विचारलं.

"दिवाणजींला इचारतो. आता सन हाय, मग सुगी हाय, मग दिवाळी. दिवाळी झाल्यावर." आणि तो रिकामी गाडी घेऊन गेला. चार माणसं जाताना प्रसाद मागून घेऊन गेली.

पागेत एकदम गलका झाला. अंबूबाई चष्मा काढून पुसत होत्या. साळूनं मात्र मान वर केली नाही. ती वॉल उजेडात फिरवून बघत होती. कडेला एका बाजूला खड्डे पडलेले. दम तिथूनच जात होता. भाटघरला वॉल घासताना तिनं पाहिलं होतं, बसायच्या जागी पूड आणि तेल लावायचं आणि दोन्ही तळव्यांत धरून फिरवायचं, ताक घुसळताना रवी फिरवतात तसं, एकदा इकडे, एकदा तिकडे.

"मिस्त्री, कुरुंदाची पूड कुटाय?"

"पेटीत हाय की. निळ्या डबीत."

साळूनं पेटी चाचपली. निळी डबी नव्हती. तिनं पेटी उलटी केली. त्यातून एक जुनी लवंग तेवढी पडली.

"ती राखाडी पूड होय?" कमळाबाई म्हणाल्या. "ती मी घरी नेली. देवाची भांडी काय लख्ख निघतात गं तिनं!"

गेनबा हळूच म्हणाले, "मग तुमच्या अन्नपूर्णेचं नाक झिजलं आसंल की, बाई."

"डबी कुटं हाय?" साळूनं विचारलं.

"देवघरात. पण आज घट आहेत अजून, आणि तू अशी..." कमळाबाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत काळे. कुंकवाचा एक डाग त्या काळ्यातही दिसत होता.

साळू उठली. पाना खाली ठेवला नाही. पदर खोचला आणि पागेच्या बाहेर पडून ती सरळ कमळाबाईंच्या घराच्या दिशेनं चालू लागली. ओसरीवर बसायला ती निघाली नव्हती, हे तिच्या चालीवरून भोरातलं कुत्रंही सांगू शकलं असतं.

"अगं थांब! साळू, थांब! आत नको जाऊस, मीच देते!" कमळाबाई नवं लुगडं सावरत मागून धावल्या. वळणावर त्यांनी तिला गाठलं, मागं टाकलं, आणि छल्ल्यातली किल्ली वाजवत पुढे पळत सुटल्या. एवढ्या वेगानं घरी जाताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"बिगी बिगी, कमळाबाई," साळू मागून म्हणाली. "उन्हं कलायला आलीत. मग म्हनाल, तिन्हीसांजा झाल्या."